सावळघाटातला न दमलेला विजेता

घाट चढून येणारा सायकलवाला दिसायच्या आधी ऐकू येतो. शेवटच्या वळणामागून आधी त्याचा श्वास येतो, मग साखळीची कुरकुर, आणि मग तो स्वतः. आमच्या गंगापूर रोडच्या सायकल मंडळाची शर्यत दर जानेवारीत पेठ फाट्यावरून निघते आणि सावळघाटाच्या माथ्यावर संपते. तिथे शिट्टी आणि घड्याळ घेऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीत मी बसते. निवृत्त होईपर्यंत कॉलेजात शिकवत होते, त्यामुळे मंडळात सगळे मला मॅडम म्हणतात आणि वाईटपणा घ्यायची कामं माझ्याकडे देतात.

गेल्या जानेवारीत मात्र काहीच ऐकू आलं नाही. आमचे अध्यक्ष दीपक एकदम समोर येऊन थांबले आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग, मॅडम."

घाटाच्या माथ्यावर मला आजवर कोणी गुड मॉर्निंग म्हटलेलं नाही. तिथे पोचलेला माणूस पाणीसुद्धा खुणेने मागतो. दीपकच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. सायकलच्या दांड्यात बॅटरी होती.

त्यांच्यामागून जी आली, तिच्याबद्दल मला लिहायचं आहे.

ललिता भोये गंगापूर रोडवरच्या एका नर्सिंग होममध्ये सिस्टर आहे. राहते मखमलाबादला, येते-जाते सायकलवर. मूळची सुरगाण्याच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. आठवीत मुलींना मिळते ती सरकारी सायकल तिलाही मिळाली होती. पाड्यावर सायकल चालवण्याजोगा रस्ता नव्हता, म्हणून तिची आई चिमणाबाई त्या सायकलवर नागलीचं पोतं लादायची आणि ललिता ते ढकलत गिरणीपर्यंत न्यायची. उतरताना पोतं, चढताना पीठ. "मी सायकल शिकले ती ढकलून शिकले, मॅडम. बसायचं नंतर जमलं," असं ती सांगते. उंचीने बेताची, बोलायला फटकळ. पेशंटच्या नातेवाइकांना तर अशी दटावते की त्यांचंच ब्लडप्रेशर तपासायची वेळ यावी.

पहिल्याच वर्षी तिने शर्यतीत एक घोळ घातला. घाटाच्या खिंडीत शेंदूर लावलेला एक दगड आहे. डोंगरातली माणसं तिथे झाडाचा डहाळा वाहिल्याशिवाय खिंड ओलांडत नाहीत. आमची चुन्याची रेघ होती त्या दगडाच्या थोडी पुढे. ललिता सगळ्यांच्या पुढे होती. दगडापाशी ती उतरली, कडेचा डहाळा तोडला, वाहिला, हात जोडले. तेवढ्यात दोघे तिला ओलांडून रेघेपार गेले.

"अगं, रेघ पुढे होती ना," मी म्हटलं.

"रेघ तुमची हाय. खिंड त्याची हाय," ती दगडाकडे बोट दाखवून म्हणाली.

मंडळी आधी हसली आणि मग वरमली. पुढच्या वर्षीपासून रेघच काढून टाकली. शेवटच्या वळणानंतर प्रत्येकाने उतरून घाटातला डहाळा स्वतःच्या हाताने तोडायचा आणि दगडापाशी वाहायचा. पाला वाहिला की शर्यत संपली. आमच्या मंडळाने केलेला हा एकच शहाणपणाचा नियम असेल.

दुसरी एक प्रथा त्याहून जुनी आहे. आमच्याकडे चषक-बिषक नसतो. जो पहिला येतो तो पुढच्या वर्षीचा मार्ग ठरवतो. ललिताला जिंकायचं होतं ते यासाठी. तिला शर्यत न्यायची होती तिच्या पाड्यावर. एखाद्या रस्त्यावरून शर्यत जाणार असं जाहीर झालं की त्या रस्त्यावरचे खड्डे बुजतात, हा आमचा अनुभव आहे. एरवी अर्ज करून करून माणसं म्हातारी होतात. शर्यत आणि उद्घाटक म्हटलं की डांबर येतं. का येतं, हे विचारायचं नसतं.

पाड्याच्या पायथ्याशी ओहोळ आहे. जीपवाला यादव तिथेच गाडी उभी करतो, वर येत नाही. येणार कसा, वर नुसते धोंडे आहेत. दोन पावसाळ्यांपूर्वी चिमणाबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. चौघांनी त्यांना बाजेवर घालून ओहोळापर्यंत उतरवलं. प्रत्येक धक्क्याला आई ओरडत होती आणि ललिता, जी रोज परक्यांच्या आयांना सांभाळते, ती बाजेचा एक पाय धरून पुढे चालत होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात हा रस्ता बसला. त्याआधी सलग दोन वर्षं ती दुसरी आली होती. आता ड्युटी संपल्यावर रामशेज किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायची. गेल्या जानेवारीत ती जिंकणार, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. दीपकलाही.

आता बॅटरी कशी घुसली ते सांगते. आमचे सेक्रेटरी सोमनाथ नाशिक रोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झाले. भला माणूस. बायपास झाली, डॉक्टरांनी चढ बंद केला. मग त्यांनी इलेक्ट्रिक सायकल घेतली आणि शर्यतीबरोबर यायची परवानगी मागितली. कोण नाही म्हणेल? दीपकचं त्याच सायकलींचं दुकान गंगापूर रोडला आहे. ते म्हणाले, "एकट्या सोमनाथकाकांसाठी कशाला, सगळ्यांनाच सामावून घेऊ." प्रवेशपत्रिकेवर छापलं गेलं: सर्व प्रकारच्या सायकलींचे स्वागत. मला वाटलं, लहान मुलांच्या सायकलींबद्दल असेल.

तर ललिता आली. आधी श्वास आला, फाटक्या भात्यासारखा. मग ती. तिने सायकल कडेला आडवी टाकली. करवंदीची फांदी तोडताना काट्यांनी बोटं ओरबाडली, ती तिने बघितलीसुद्धा नाहीत. डहाळा वाहायला वाकली तर दगडावर आधीच एक डहाळा होता. तिने मान वळवून दीपककडे पाहिलं, मग सायकलच्या दांड्याकडे पाहिलं. बोलायला तिला श्वास नव्हता.

मला होता. मी म्हटलं, "दीपक, हे काय आहे?"

"सायकल आहे, मॅडम. पेडल मीही मारतो."

"मारता. आणि ढकलतं कोण?"

"असं कसं? गियरची सायकल आली तेव्हाही लोक हेच म्हणाले असतील."

हा युक्तिवाद त्यांनी नंतर बऱ्याच ठिकाणी केला, म्हणून त्याचं उत्तर इथे लिहून ठेवते. गियर असला तरी जोर तुमच्याच पायांचा असतो. तो फक्त थोडा थोडा करून वापरता येतो. मोटर दुसऱ्याचा जोर आणते. कुस्तीत एका पैलवानाला पाठीमागून चुलतभावाने रेटलं तर आपण त्याला तंत्रज्ञान म्हणत नाही, दोघांनाही आखाड्याबाहेर काढतो. बॅटरीची सायकल वाईट आहे असं मी म्हणत नाही. भाजी आणा, नातवाला क्लासला सोडा, गुडघे दुखत असतील तर खुशाल डोंगर बघायला जा. पण जिथे कोणाचे पाय किती पुरतात एवढं एकच मोजायचं आहे, तिथे ती आणायची म्हणजे मोजायची वस्तूच बदलायची.

तेवढ्यात माझं लक्ष दगडावरच्या दीपकच्या डहाळ्याकडे गेलं. तो आशुपालवाचा होता, लांबट, चकचकीत, बंगल्याच्या कुंपणाला लावतात तो. घाटात तो कुठून येणार? गृहस्थांनी घरून निघतानाच खिशात खोचून आणला होता.

"हा डहाळा घाटातला नाही," मी म्हटलं. "नियमाप्रमाणे दीपक बाद. ललिता पहिली."

दीपकचा चेहरा पडला. चला, सुटलो एकदाचे, असं मला वाटलं. पण ललिताला आता श्वास सापडला होता.

"नको, मॅडम. पाल्यावरून नको."

"अगं, नियम आहे."

"पाला कुठला का असंना, त्याने वाहिला ना? देव काय झाड विचारत नाय. मी पाल्यावरून जिंकले तर हे उद्या गावभर सांगतील, बाईने पाल्याचं निमित्त काढलं. मला एवढंच सांगा, चढावर मला यांनी हरवलं का यांच्या गाडीने?"

दीपकने पाण्याची बाटली उघडली आणि पुन्हा बंद केली.

सोमनाथ तोवर सावकाश वर आले होते. स्वतःचं नाव यादीत लिहू नका, मी फिरायला आलोय, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. समितीत आम्ही तिघेच: दीपक, सोमनाथ आणि मी. मी म्हटलं, आत्ता इथेच ठरवू. सोमनाथनी खिशातून प्रवेशपत्रिका काढली आणि चष्मा लावून दोनदा वाचली. उभा जन्म प्रेसमध्ये गेलेला. तिथून बाहेर पडलेल्या कागदावर मागाहून शंका घ्यायची नाही, हे त्या माणसाच्या हाडात मुरलेलं.

"मॅडम, मनाला पटत नाही," ते म्हणाले. "पण छापलंय. छापलं ते छापलं."

"तुम्ही नोटा नाही छापल्या सोमनाथ, पत्रक छापलंय."

"छापलं ते छापलं," ते पुन्हा म्हणाले, आणि दोनास एक असा निकाल झाला.

दीपकनी तिथेच पुढचा मार्ग जाहीर केला. गंगापूर धरणाच्या मागच्या अंगाला त्यांच्या मित्राचं रिसॉर्ट आहे, तिथपर्यंत. सपाट रस्ता, शेवटी जेवण. टाळ्या वाजल्या, हेही लिहायला हवं. ललिताने सायकल उचलली आणि उतरायला लागली. जाताना एवढंच म्हणाली, "दीपकशेठ, चार्जिंग संपलं तर सांगा हां. ढकलायचा मला सराव हाय."

यंदाच्या जानेवारीत रिसॉर्टची शर्यत झाली. रस्ता मुळात चांगला होता, तरी त्याच्यावर नवं डांबर पडलं. गुळगुळीतावर आणखी गुळगुळीत. मी शिट्टी आणि घड्याळ दीपकच्या दुकानात नेऊन दिलं आणि शर्यतीच्या त्याच रविवारी सुरगाण्याला गेले.

पाड्यावर ललिता, तिचा भाऊ सुनील आणि भावकीतली माणसं ओहोळापासून वर मुरूम टाकत होती. मंडळातले चौघे आले होते. निम्मं मंडळ आलं असं सांगायला मला आवडलं असतं, पण चौघेच. त्यातले एक सोमनाथ. त्यांनी बॅटरीच्या सायकलला मागे दोन पाट्या बांधल्या होत्या आणि खाणीपासून मुरूम वाहत होते. खाली मान घालून. दुपारपर्यंत त्यांच्या इतक्या खेपा झाल्या की सुनीलने त्यांच्यापुढे हात टेकले.

चिमणाबाई काठी घेऊन कडेला बसल्या होत्या. त्या बराच वेळ बघत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "तुझी फटफटी बरी हाय रं."

"आजी, फटफटी नाही. सायकल आहे ही."

"सायकल? मंग चढावर तुझं पाय का हालत नाय?"

सोमनाथ थांबले. पाटीवर हात ठेवून माझ्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, हे गेल्या वर्षी समितीत कोणी विचारलं असतं तर?"

"विचारलं होतं, सोमनाथ," मी म्हटलं. "तुम्ही पत्रिका वाचत होता."

ऊन उतरायला लागलं तेव्हा यादवने जीप आणली. ओहोळात गाडी उभी करून तो उतरला, मुरुमावर टाच दाबून पाहिली, पुन्हा बसला आणि गाडी वर घेतली. पहिलं वळण. दुसऱ्या वळणावर जांभळाचं झाड आहे, तिथपर्यंत आला. पुढे धोंडेच होते. त्याने तिथेच गाडी वळवून लावली.

ललिता आईला धरून जांभळापर्यंत घेऊन आली. उद्या हाड दाखवायला नाशिकला जायचं होतं. चिमणाबाईंनी जीपच्या पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळून वरच्या रस्त्याकडे पाहिलं.

"आन घरापोत कवा येईल ही?"

"येईल. जिंकले की."

"लबाडी करत्यात ना तिथं?"

"करू दे," ललिता म्हणाली. "तू आत सरक. पाय सांभाळ."