खाडीपलीकडे सोडलेलं पिल्लू

आमच्या घरात मांजराला मज्जाव होता. वडिलांची थोरली बहीण, आमची आत्या, विधवा होऊन माहेरी आली होती आणि सोवळ्याओवळ्याचं सगळं राज्य तिचं. मांजर शिवलं की तिला पुन्हा अंघोळ. रत्नागिरीच्या दमट हवेत तिची लुगडी आधीच वाळता वाळत नसत, त्यामुळे तिचा राग मला आता कळतो. तेव्हा ती नुसती कजाग वाटायची.

साल अठ्ठावीस असेल, मी आठ-नऊ वर्षांची. आईला मुलगा झाला आणि बारशाआधीच गेला. तेव्हापासून आई बोलेनाशी झाली. कामं सगळी करायची, पण हाक मारली तर दुसऱ्या कुणाला मारली असावी तशी निघून जायची. मला तिची भीती वाटू लागली होती.

आंबे पिकत घातले होते त्या माळ्यावर एक मांजरी व्याली. चार दिवसांत तिला विहिरीपाशी कुत्र्यांनी धरलं. पिल्लांपैकी एकच जिवंत उरलं, डोळेही न उघडलेलं. मी ते परकराच्या ओच्यात घालून खाली आणलं.

"टाक ते बाहेर. मरायचंच आहे," आत्या म्हणाली.

आई चुलीपुढून उठली आणि तिने पिल्लू घेतलं. "मरायचं नाही," एवढंच म्हणाली.

तान्ह्याला दूध पाजायचं चोचीचं बोंडलं तिने फडताळातून काढलं. ते कुणाचं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याने पाहिलं आणि ती लुगडं सावरून परसात निघून गेली. आई दुधात पाणी घालून कोमट करायची, थेंब थेंब सोडायची, मग ओल्या फडक्याने पिल्लाचं पोट पुसायची. मांजरी चाटते म्हणून पिल्लाला शू होते, हे तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. रात्री पिल्लू शेगडीजवळ, बाळाच्या दुपट्यात.

डोळे उघडले तेव्हा आईने मला हाक मारून दाखवले. "बघ गो, निळे आहेत!" मला रडूच आलं. पुढे ती पिल्लाशी बोलू लागली, मग माझ्याशी, मग वडिलांशीही. पिल्लू तिच्या पायांत घोटाळायचं आणि ती त्याला "मेल्ये, पाडशील मला" म्हणायची.

वर्षभराने आईला पुन्हा दिवस गेले. आत्याने लगेच विषय काढला.

"बाळंतिणीच्या घरात मांजर नको. मागच्या खेपेला मांजराने काय केलंन, विसरलास? कुठलंसं येऊन बाजेखाली बसलं होतं."

मुलगा तापाने गेला होता. वडिलांना ते माहीत होतं, कचेरीत नोकरी करणारा शिकलेला माणूस. पण दुसऱ्यांदा पैज लावायची त्यांची छाती झाली नाही. मांजर मारायचं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, म्हणून आमच्याकडे मांजर खाडीपलीकडे सोडत. पाणी ओलांडलं की त्याला घरची वाट सापडत नाही.

आई भांडेल असं मला वाटलं होतं. तिने स्वतः त्याला दूधभात घातला, पाठीवरून हात फिरवला आणि गोणपाटात घातलं. मी वडिलांबरोबर होडीत बसले. ते सारखं ओरडत होतं. पलीकडच्या काठावर गोणपाट सोडल्यावर ते माडांत पळालं नाही, आमच्याच मागे पाण्यापर्यंत आलं. वडिलांनी होडीवाल्याला "चल, चल" म्हटलं आणि परत येईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. घरी आईने रिकामं गोणपाट धुऊन वाळत घातलं.

मुलगी झाली. चांगली खणखणीत रडणारी, धट्टीकट्टी. सुईणीने पुसून, गुंडाळून आईच्या कुशीत दिली. आत्याच्या डोळ्यांतसुद्धा पाणी आलं. वडील दाराबाहेर उभे होते, मी त्यांचं धोतर धरून.

आईने मुलीकडे बराच वेळ पाहिलं. हात लावला नाही. मग दाराकडे बघून अगदी साध्या आवाजात विचारलं, "अहो, हिला पलीकडे कधी न्यायचं?"