पेंग्विनच्या बहिणीचा अर्ज

आमच्या गल्लीत कुजबुज अशी होती की, पेंग्विनने सख्ख्या बहिणीचा अर्ज मुद्दाम बुडवला. अंथरुणाला खिळलेल्या आईचं करायला घरात फुकटची नर्स राहावी म्हणून. ही बातमी चार घरी मीच पोचवली, आणि पाचव्या घरी जाईपर्यंत तिला थोडं तिखटमीठ लागलं होतं, हे नाकारत नाही.

पेंग्विन म्हणजे शाळेतला प्रयोगशाळा सहायक. भंगारात निघालेल्या संगणकांवर लिनक्स ही फुकटात मिळणारी प्रणाली घालून त्याने ते पुन्हा चालते केले. त्या लिनक्सचं चिन्ह पेंग्विन, म्हणून हे नाव. चालही तशीच, त्याला कोण काय करणार. पैसे मोजून विकत घेतलेली प्रणाली म्हणजे गुलामी, हे तो वीस वर्षं भेटेल त्याला ऐकवत आलाय. लोक त्याला लांबून पाहून रस्ता ओलांडत, पण संगणक अडला की त्याच्याच दारात.

धाकटी बहीण नर्स. अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणे, सख्ख्या भावासकट. परगावच्या मोठ्या रुग्णालयात मुख्य परिचारिकेची जागा निघाली. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीतून बाहेर पडणार होती, म्हणजे संधी ही एकच. अर्ज फक्त संकेतस्थळावर भरायचा. सही डिजिटल, पेनड्राइव्हसारख्या एका काडीतून, आणि ती काडी ब्राउझरला ओळखू यायला एक प्लगइन लागायचं. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची. सिस्टर त्या सकाळी रजा टाकून चौकातल्या सायबर कॅफेत निघाली, तर हा दारात आडवा.

"घरात मी असताना तू त्या दुकानात जाणार? लोक काय म्हणतील मला?"

ती थांबली. तिथेच चुकली.

घरच्या संगणकावर दोघांची दोन खाती. ज्याचं खातं त्याचं, दुसऱ्याने त्यात पाय ठेवायचा नाही, हा पेंग्विनचाच शिरस्ता. त्याने आपल्या खात्यात शिरून आज्ञा बडवल्या, प्लगइन बसवलं, तपासलं. चालू. तिने आपलं खातं उघडून पाहिलं तर पाटी आली: प्लगइन सापडले नाही. काढलं, पुन्हा बसवलं. आपल्याकडे चालू, तिच्याकडे तीच पाटी. मग ब्राउझरच उपटून नवा घातला. संगणक चार वेळा बंद करून उघडला. पाटी काही हलेना.

तीन वाजता आमच्या या संगणकाच्या वैद्यबुवांनी निदान केलं की, बिघाड तिच्या खात्यात आहे, ती काहीबाही उघडत असते. सिस्टर हवामान आणि औषधांच्या नावांपलीकडे काही बघत नसे.

"दादा, तुझ्या खात्यात चालतंय ना? मग मी तिथूनच भरते. दहा मिनिटांचं काम."

"सही तुझी आणि खातं माझं? शिस्त म्हणून काही असते की नाही?"

"मग काडी दे, कॅफेत जाते."

"आत्ता ओढलीस तर सगळं मुसळ केरात. झालंच, पाच मिनिटं."

त्या पाच मिनिटांचे पाच वाजले. 'मुदत संपली' ही पाटी मात्र दोन्ही खात्यांत स्वच्छ दिसली.

दोष संकेतस्थळाचाच, हे सिद्ध करायला सोमवारी त्याने शाळेतल्या संगणकाच्या बाईंना घरी बोलावलं. बाईंनी एवढंच विचारलं, "सर, तुम्ही हे कुणाच्या खात्यातून बसवलंत?" ते प्लगइन, जो बसवेल त्याच्याच फोल्डरमध्ये जाऊन बसायचं. दुसऱ्याला दिसायचंच नाही. बाईंनी तेच सिस्टरच्या खात्यातून बसवलं. मिनिटभरात चालू. सिस्टर तेव्हा आईची कूस बदलत होती. तिने एकदा मान वळवून पाहिलं आणि चादर नीट केली.

त्यानंतर ती भावाशी थेट बोलत नाही. "आई, त्यांना सांग, जेवायला वाढलंय." आईला ऐकू येत नाही, त्यामुळे निरोप पोचत नाही. तो मुकाट्याने येऊन जेवतो.

पुढे एकदा मी त्याला आडून न विचारता सरळच विचारलं. त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं. त्याला ते येत नव्हतं, आणि येत नाही असं म्हणायचं नव्हतं. आईचा विचार त्या दिवशी त्याच्या मनातही आला नव्हता.