लॉरीच्या हौद्यातला संसार

दाजी गेल्याची बातमी मला शेजारच्यांच्या फोनवर कळली. पलीकडून भाची सुमन बोलत होती. "मावशी, अप्पा गेले. सकाळी पूजा करून उठले, अन् बसल्या जागी..." नांदेडहून मी सेलूला पोहोचले तोवर त्यांना मळ्यात समाधी देऊन झाली होती आणि माणसं हातापायांची माती धुवायला विहिरीवर थांबली होती. त्याला आता दीड महिना झाला. भेटायला आलेला प्रत्येक जण हेच सांगत होता, की विश्वनाथअप्पा म्हणजे सरकीचे व्यापारी, सरळ माणूस, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. ते खरंच आहे. पण याच सरळ माणसानं निजामाच्या राज्यात एका मोडकळीला आलेल्या लॉरीच्या हौद्यात दोन वर्षं संसार मांडला होता, हे आज सेलूत कुणाला ठाऊक नाही. ते ठाऊक असलेल्या आम्ही दोघीच उरलो, माझी थोरली बहीण आणि मी. अक्का काही लिहिणार नाही. म्हणून मी लिहिते आहे.

मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. दाजींचं घर तेव्हा जिनिंगच्या मागच्या गल्लीत होतं. हंगामात रुईचं तूस हवेत इतकं उडायचं की दुधावरच्या सायीतही निघायचं. अक्काला आधी खोकला लागला, मग संध्याकाळचा ताप, आणि एके दिवशी तिच्या पदरावर रक्ताचा ठिपका दिसला. दाजी तिला परभणीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. छातीचा रोग आहे, म्हणाले डॉक्टर. धुळीत, धुरात ठेवू नका, दूधतूप द्या, मोकळ्या हवेत राहू द्या. कुणीही मान डोलावून परत आलं असतं. दाजींनी विचारलं, "मोकळी हवा म्हंजी किती मोकळी, साहेब? खिडक्या उघड्या ठेवल्या तर भागंल का?" डॉक्टर वैतागले. "झाडाखाली नेऊन ठेवा!" म्हणाले. दाजींनी ते शब्दशः घेतलं.

पण झाडाखाली ठेवायचं कुठल्या गावात? असा रोगी कुणी जवळ येऊ देत नसे. आमच्या माहेरी झरीला घरात लहान लेकरं, त्यामुळे वडलांचाही धीर होईना. तेव्हा दाजींनी एका जिनिंगवाल्याची, रुईच्या गठाणी वाहून थकलेली लॉरी विकत घेतली. आणि सोबतीला बाईमाणूस हवं म्हणून मला बोलावणं आलं. माझा नवरा लग्नानंतर वर्षाच्या आत गेला होता. विसाव्या वर्षी मी माहेरी होते, म्हणजे घरच्यांच्या हिशेबी रिकामी होते. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं.

मी पोहोचले तेव्हा दाजी सुताराला घेऊन हौद्यात पालथे पडले होते. त्यांना सामान भरायचं नव्हतं, ते कसं भरतात हे आधी समजून घ्यायचं होतं. तालुकदार साहेबांचा, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरचा, दौरा आला की स्टेशनमागच्या माळावर तंबू पडत. दाजी तिथं अख्खा दिवस उभे राहिले. तिथल्या म्हाताऱ्या फर्राशानं, म्हणजे तंबू ठोकणाऱ्यानं, त्यांना सांगितलं, "अप्पा, जो चीज उतरके पैले लगती, वो सबसे आखिर में भरो." हे वाक्य ते मंत्रासारखं म्हणत घरी आले. लमाणांच्या तांड्याला त्यांनी विचारलं, बैलाच्या पाठीवरचं ओझं कलंडत कसं नाही? एका धनगर बाईला विचारलं, चालता चालता दूध हिंदकळत कसं नाही? तिनं त्यांना दोरीचं शिंकं विणून दिलं.

हौद्याच्या दोन्ही बाजूंना कमरेइतक्या फळ्या आणि वर गुंडाळता येणारी ताडपत्री, असा बेत ठरला. वारा जिकडून येईल तिकडची ताडपत्री वर. अक्काची बाज पाय कापून बुटकी केली आणि फळीला पट्ट्यांनी जखडली. गादीत कापूस नको म्हणून सुकं गवत भरलं. सरकीच्या व्यापाऱ्याची बायको गवतावर निजायली, असं म्हणून अक्का त्या आजारपणातही हसली होती. मागचा फाळका साखळ्यांवर आडवा उतरला की ओटा व्हायचा. स्वयंपाक त्याच्याही पलीकडे, धूर हौद्यात शिरणार नाही इतक्या लांब.

एवढं सगळं करूनही पहिल्या दिवशी फजितीच झाली. सेलूपासून दोन कोसही गेलो नसू. पाण्याचं पिंप अगदी मागं ठेवलं होतं, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात लॉरीचं शेपूट आपटायचं. पिंपातलं पाणी सांडलं, लोणच्याची बरणी फुटली, रॉकेलचा डबा उलटला आणि अंथरूण भिजलं. अक्काला त्या वासानं इतका खोकला आला की मला वाटलं, आता हिचं इथंच संपतं. दाजींनी लॉरी थांबवली, तिला उचलून लिंबाखाली नेलं, वारा घातला. ती जरा निवली तेव्हा ते परत लॉरीकडे गेले आणि मागं उभे राहून नुसतेच बघत राहिले. मी चिडून म्हणाले, "आता काय बघायलाव?" ते म्हणाले, "पाणी कुठं जायलंय ते बगायलोय." सांडलेलं पाणी कुठल्या बाजूला वाहिलं त्यावरून त्यांनी वजन कुठं जास्त झालं ते ओळखलं. आम्ही परत फिरलो. आठ दिवसांनी पिंप पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध तळाला बसलं, आणि रॉकेलला बाहेरच्या अंगाला कुलपाची वेगळी पेटी मिळाली. त्यानंतर कधी काही सांडलं नाही.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. दाजींनी भांड्यांसाठी खण केले होते, पण मी माझी वाटी आणि तांब्या तिथं ठेवत नसे. माझ्या गाठोड्यात, लुगड्यांच्या घडीत लपवून ठेवत असे. मला त्या रोगाची भीती वाटत होती. अक्काला हे दिसू नये म्हणून मी पाठ करून जेवायची... एका सकाळी बघते तर माझ्या बसायच्या जागेशी, अक्काच्या बाजेपासून सगळ्यात लांब, नवा झाकणाचा खण ठोकलेला. दाजी सहज म्हणाले, "यशोदा, तुझी भांडी हितं ठेव. गाठोड्यात धूळ लागती." मला मान वर करवेना. अक्का बाहेर ज्वारीकडे बघत होती. ती म्हणाली, "बरं केलं तुमी. तिनं भ्यायलाच पायजे. तिच्या जागी असते तर मी बी भ्याले असते." त्या दिवसापासून मी तिच्याकडे तोंड करून जेवू लागले. भांडी मात्र त्या खणातच राहिली, आणि त्याची कुणाला लाज वाटली नाही.

पेडगावच्या शिवारात आमचा पहिला मोठा मुक्काम पडला. शेतमालकानं होकार दिला होता, पण तिसऱ्या दिवशी गावातले पाचसात जण आले. "अप्पा, रोगी माणूस हाय तुमच्यापाशी. लेकराबाळांचं गाव हाय. तुमी निघा." दाजी वाद घालतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "निघतो. पन आदी बगून तर घ्या." माणसं जागची हलली नाहीत. त्यांच्या मागून शेतमालकाची आई पुढं आली, कमरेत वाकलेली, हातात काठी. तिनं सरळ फाळक्यापाशी येऊन पहिला खण ओढला. "ह्यात काय हाय?" डाळी. "अन् ह्यात?" दिव्याच्या काचा, भुश्शात. प्रत्येक खण तिनं उघडला, शिंकं हलवून पाहिलं, बिजागऱ्या वाजवून पाहिल्या. शेवटी झाकणाचा एक डबा दिसला. दाजी म्हणाले, "तिची थुंकी. आत चुना हाय. रोज लांब नेऊन पुरतो." म्हातारीनं डबा निरखला. मग फाळक्यावर बूड टेकलं आणि गावकऱ्यांना म्हणाली, "तुमच्या उंबऱ्यापेक्षा ह्या बाईचं थुंकायचं डबडं साफ हाय. ऱ्हाऊ द्या त्यायला."

दुसऱ्या दिवशी ती चार बायांना घेऊन आली. त्या लांबच बसल्या, पण बसल्या. रोग कळल्यापासून सहा महिन्यांत अक्काशी आमच्याखेरीज कुणी बोललं नव्हतं. तिनं त्या दिवशी जात्याच्या ओव्यांपासून जावांच्या भांडणापर्यंत सगळं काढलं. बाया गेल्यावर दाजी घाबरून म्हणाले, "लय बोललीस. छाती दुखंल." अक्का म्हणाली, "दुखू द्या."

पेडगावनंतर झरी आणि मधली कितीतरी शिवारं. पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं रुतू नयेत म्हणून मुरमाड माळ धरायचा. दुसऱ्या वर्षी इंजिनच बंद पडलं, तेव्हा दाजींनी दोन बैलजोड्या जुंपून लॉरी हलवली. रस्त्यानं माणसं पोट धरून हसायची, आणि अक्का ताडपत्री वर करून त्यांना हात दाखवायची. त्याच हिवाळ्यात तिनं विहिरीवर जाऊन स्वतःच्या हातानं घागर ओढली. मी ओरडणार होते, पण दाजींनी मला खुणेनं गप्प केलं. ती घागर काठावर टेकवून ती उभी राहिली. खोकली नाही. तेव्हा दाजी लॉरीच्या आडोशाला जाऊन रडले, ते मी पाहिलं.

परभणीच्या डॉक्टरांनी बराच वेळ छाती ऐकली आणि विचारलं, कुठं ठेवलं होतं यांना? दाजी म्हणाले, "तुमीच सांगितलं की साहेब. झाडाखाली." डॉक्टरांना ते आठवतही नव्हतं. त्यानंतर दाजींनी रुळांपलीकडे, उघड्यावर घर बांधलं. निजामाचं राज्य गेलं तेव्हा सुमन चार वर्षांची होती.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा सेलूला जाऊन राहिले. अक्काच्या शेजारी माझी बाज होती. पहाटे उजाडता उजाडता जाग आली, तर ती उठून ताठ बसलेली. तिनं लांब श्वास ओढला, धरला, सोडला. पुन्हा ओढला. मी घाबरून विचारलं, "काय होयलंय अक्का?"

"काई न्हाई. ते रोज सकाळी पाठीवर हात ठेवायचे अन् म्हनायचे, वढ श्वास. डाक्टरनी छाती ऐकली त्या दिवसापासनं एक दिस बी चुकला न्हाई. आत घरघर हाय का बगायचे. न्हाई म्हनले, की मग चहा." मग ती म्हणाली, "आता कोन बगनार? पन सवय लागली... सकाळ झाली की मी बसून ऱ्हाते."

मी माझ्या बाजेवरून उठले, तिच्या मागं जाऊन बसले आणि तिच्या पाठीवर तळवा ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. लुगड्याखाली तिची हाडं लागत होती.

"वढ," मी म्हणाले.

तिनं ओढला. मी डोळे मिटून ऐकलं.

"न्हाई," मी म्हणाले. "काई न्हाई."

मग तिनं पाय खाली सोडले आणि चहा ठेवायला गेली.