पूजलेलं आढं

तुमच्या डोक्यावरच्या आढ्याला शेवटचा हात कोणी लावून पाहिला? छपराचा सगळा भार पेलणारं ते मधलं लाकूड. आठवत नाही ना? आम्हालाही आठवलं नसतं.

वडिलांना क्षय झाला. खामगावच्या डॉक्टरांनी बजावलं, लेकरांपासून वेगळं झोपवा. घर दोन खोल्यांचं, त्यात थोरल्या भावाची लेकरं. म्हणून मागच्या अंगाला एक खोली वाढवायला घेतली. आमच्याकडे आढं चढवताना त्याला हळदकुंकू वाहतात, मधोमध हिरवं कापड नि नारळ बांधतात आणि घरच्या कर्त्याचं नाव घेतात. वडिलांचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी सुतार वासे ठोकत असताना लाकूड कडाडलं. चीर त्या कापडाखाली गेली.

"उतरवा ते," मी म्हणालो.

"पूजलेलं आढं मी नाई उतरवत," सुतार म्हणाला. "दुसरा माणूस पाहा."

आई माझ्यावरच धावून आली. "ज्याच्या नावानं चढवलं त्याले काही झालं म्हंजे? तुह्या पत्रकायनं बाप वापस येईन काय?"

नव्या राज्याची, अंधश्रद्धा सोडा म्हणणारी पत्रकं मी वाटायचो, खरं आहे. सरकारी तपासणीवर माझा विश्वास होता, तोही त्या पत्रकांमुळेच. बांधकाम तपासून मंजुरीची सही करणाऱ्या सरकारी ओव्हरसियरची मी वाट पाहू लागलो. आईचं मन मला वळवता येत नव्हतं, पण त्याचा शब्द तिला मानावाच लागला असता.

तो आला. रस्त्यापासूनचं अंतर मोजलं, खिडकी लहान म्हणाला, मोरीचं पाणी कुठे जातं ते विचारलं. मी शिडी लावली.

"साहेब, वर चढा. ते कापड सोडून पाहा. आढं फुटलंय."

त्याने मान वर केली, नारळ पाहिला आणि चक्क हात जोडले. "देवाचं काम आहे. त्यात आम्ही पडत नसतो."

"देव पडणार नाही, साहेब. छप्पर पडेल!"

खाटेवरून वडील हसले, हसता हसता खोकू लागले. "काऊन हुज्जत घालून राह्यला बे? साहेबाले चहा दे."

साहेबाने चहा घेतला, सही केली. नवं राज्य आपलं आहे, असं मी चौकात ओरडून सांगितलं होतं. आपलं राज्य आमच्या घरी आलं, आणि नारळाला नमस्कार करून गेलं.

कौलं चढली. आढं वाकलं. मी बाभळीचा टेकू आणून मधोमध उभा केला. सकाळी पाहतो तर आईने त्यालाही कुंकू लावलेलं. आता तोही कोणी हलवू देणार नाही.

वडील तिथेच झोपतात. वारा सुटला की मी दारात उभा राहून वर पाहतो. दुसरं काही हातात उरलेलं नाही.

तुमच्या हातात अजून आहे. दारी तपासणीला माणूस आला तर चहा नंतर द्या. तो वर चढून लाकडाला हात लावत नाही, तोवर त्याला सही करू देऊ नका.