लिंबूटिंबू

माझ्या मुलीला मी आयुष्यात दोनदा लिंबूटिंबू केले. पहिल्यांदा ती सात वर्षांची होती आणि मला वाटले, मी तिच्या भल्याचे करतो आहे. दुसऱ्यांदा ती एकोणीस वर्षांची होती, देशाच्या संघातून परदेशात गोल्फ खेळत होती, आणि मला वाटले, मी विनोद करतो आहे. दोन्ही वेळा मला जे वाटले ते खरेच होते. म्हणून हे लिहायला उशीर झाला. मनात खोट असती तर कबुली देणे सोपे गेले असते.

नवीन पनवेलमध्ये आमच्या इमारतीच्या आवारात मुले संध्याकाळी क्रिकेट खेळत. मुलगी कठड्याला टेकून पाहत उभी राहायची. एके दिवशी मीच खाली उतरलो आणि त्यांच्यातल्या थोरल्या मुलाला बाजूला घेऊन म्हणालो, "हिलाही घ्या रे. लिंबूटिंबू म्हणून." त्यांनी घेतले. तिला चेंडू हळू टाकायचे, ती बाद झाली तरी बाद धरायचे नाही आणि तिने धावा काढल्या तर त्या मोजायच्या नाहीत, असा तो शिरस्ता. तो तिला ठाऊक नव्हता. जवळजवळ महिनाभर ती वर येऊन आपल्या धावा सांगत असे, आणि मी चहा पीत "वा!" म्हणत असे.

मग एकदा तिच्यामागच्या विटा चेंडू लागून पडल्या. ती रीतसर बॅट ठेवून निघाली, तेव्हा कोणीतरी म्हणाले, "अगं, थांब! तू आऊट नसतेस. तू लिंबूटिंबू आहेस ना!"

"कोण म्हणालं?"

"तुझे बाबाच म्हणाले."

हे मला पुढे त्या मुलांकडून कळले. ती घरी आली, पाणी प्यायली, धावा सांगितल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी खाली गेली नाही. मी कारण विचारले नाही. खरे सांगायचे तर मला सुटल्यासारखे वाटले. चेंडू लागायची धास्ती संपली.

दहाव्या वर्षी शाळेच्या सुट्टीतल्या शिबिरात ती डोंगराच्या पायथ्याच्या गोल्फच्या मैदानावर गेली आणि तिथलीच झाली. आमच्या घराण्यात हा खेळ कोणी पाहिलाही नव्हता. माझी पत्नी करंजाच्या कोळ्यांच्या घरातली. मी जासईच्या एका कंटेनर यार्डात नोकरीला. मला एवढेच समजले की इथे ज्याचे फटके कमी तो वरचढ. हाच खेळ का, असे मी एकदा विचारले होते. ती म्हणाली, "इथे सगळं मोजतात, बाबा." यार्डात उतरणाऱ्या खोक्यांची मोजदाद करून त्यावर सही करणे हे माझे काम. मुलगी माझ्यावर गेली, असा मी त्या उत्तराचा अर्थ लावला आणि चार लोकांना कौतुकाने सांगितला.

यथावकाश महिलांच्या हौशी खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धेसाठी तिची निवड झाली. आमच्या सोसायटीने फाटकावर फ्लेक्स लावला. त्यावर तिचा हसरा फोटो होता आणि शेजारी, छापणाऱ्याच्या समजुतीप्रमाणे, हॉकीची स्टिक. ती पाहून पोट धरून हसली. म्हणाली, "राहू दे बाबा, तेवढीच व्हरायटी."

विमानतळावर सामानाच्या रांगेत ती मला स्पर्धेची रीत सांगत होती. प्रत्येक देशाच्या तिघी, चार दिवस खेळ. रोज तिघींपैकी ज्या दोघींचे फटके कमी, त्यांचेच आकडे संघाच्या खात्यात धरायचे. "पण तिसरीचा आकडा टाकून देत नाहीत हं, बाबा. बरोबरी झाली ना, की शेवटच्या दिवशीचा..." तेवढ्यात काट्यावर तिच्या पिशवीचे वजन दोन किलो जास्त भरले. मी वाकून बूट बाहेर काढू लागलो आणि तोंडाने "हं, हं" म्हणत राहिलो.

पहिल्या दिवशी तिघींत तिचेच फटके जास्त झाले. तिचा आकडा धरला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. त्या संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा सोसायटीचे चेअरमन आणि आणखी दोघे-तिघे आमच्याकडे बसले होते. फोन टेबलावर उभा करून ठेवला होता. सगळ्यांनी तिला शाबासकी दिली. मग ती पाणी आणायला जरा बाजूला झाली, तसे चेअरमन मला म्हणाले, "ते काय ते कळत नाही हो. तिघी खेळतात आणि दोघींचंच धरतात? मग तिसरीने करायचं काय?"

"तिसरी म्हणजे," मी म्हणालो, "आपलं लिंबूटिंबू."

मोठा हशा पिकला. मीही हसलो. पत्नी हसली नाही. ती फोनकडे पाहत होती. मुलगी परत येऊन बसली होती. हातात पाण्याची बाटली, झाकण अजून न उघडलेले.

"बाबा, मला सरावाला जायचंय," ती म्हणाली. फोन बंद झाला.

चेअरमन म्हणाले, "बिझी असतात हो ही मुलं." चहा झाला, लोक गेले. पत्नीने कप उचलता उचलता एवढेच विचारले, "तुम्हाला दुसरा शब्द नव्हता सापडला?"

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. दुसरे शब्द होते. राखीव म्हणता आले असते, तिसरी नुसती तिसरी म्हणता आली असती. पण लोकांना हसवायचे तर घरचा शब्द लागतो, आणि घरच्या शब्दाला घरच्याच माणसाचे रक्त लागलेले असते हे हसवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दोन दिवस तिचा आकडा धरला गेला नाही याची मला लाज वाटत होती. तो विनोद मी तिच्यावर केला, पण माझी लाज झाकायला.

तिसऱ्या दिवशी तिचा खेळ तिघींत सर्वांत चांगला झाला. आकडा धरला गेला. मी अभिनंदन लिहिले आणि पुसले. पुन्हा लिहिले, पुन्हा पुसले. धरला गेल्यावर केलेले कौतुक ती कसे वाचील, हे मला आता कळू लागले होते. तिचा निरोप आईला आला: "छान झालं. जेवले. झोपते." मला काही नाही.

चौथा दिवस रविवार होता. आम्ही करंजाला पत्नीच्या थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. ती अंगणात बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घालत होती. मी ओट्यावर बसून मोबाइलवर आकडे हलताना पाहत होतो. त्या देशातली सकाळ आपल्या दुपारी सुरू होते.

"काय भावजी, पोरीचं काय?"

"आज तिचा आकडा धरतील असं दिसत नाही."

"पण खेलते हाय ना ती?"

"खेळतेय."

"मंग?" तिने हातातला बोंबील बांबूवर लटकावला. "होडीवं चार जनां जातान. एकाच्या हाताला काय गावलं नाय, म्हणून तो काय होडीत नव्हता? तुमी सायब लोक. पाटीत दिसल तवराच मोजाचा."

"ताई, राहू दे," पत्नी म्हणाली.

"का राहू दे? पोर माजी पन हाय."

 मोबाइलवर मुलीच्या नावापुढे सतराव्या होलला सहा फटके लागले. ठरवून दिलेल्या फटक्यांहून निदान एक जास्त. शेवटचा होल उरला होता. दुसऱ्या दोघींचे खेळ संपले होते आणि त्यांचे आकडे तिच्याहून इतके चांगले होते की शेवटच्या होलवर तिने काहीही केले तरी तिचा धरला जाणार नव्हता. हे तिलाही ठाऊक असणार. त्या होलला तिने तीन फटके घेतले, म्हणजे तिथल्या हिशेबाने एक वाचवलेला.

रात्री पनवेलला परतल्यावर अंतिम तक्ता आला. आमचा संघ आणि दुसरा एक संघ चार दिवसांच्या बेरजेत बरोबरीत होते, तरी आमचा वर होता. कारण तक्त्याखाली बारीक अक्षरांत दिले होते. मी ते तीनदा वाचले. बरोबरी सोडवताना शेवटच्या दिवशीचा न धरलेला आकडा पाहिला होता. त्यांच्या तिसरीचे शहात्तर, आमच्या तिसरीचे पंच्याहत्तर. हे ती मला विमानतळावर सांगत होती, आणि मी बूट काढत होतो.

ही कथा इथे संपवायचा मोह मला झाला होता. मुलीचा शेवटचा फटका कामी आला, बापाचे डोळे उघडले. पण मी स्वतःला विचारतो: बरोबरी झाली नसती तर? तिने तो फटका तसाच मारला असता आणि मला तो दिसला नसता. म्हणजे मी पुन्हा तेच केले. कामी आले तेव्हा मोजले. त्या तक्त्याने तिचे काही सिद्ध केले नाही. तिला सिद्ध करायचे होते असेही नाही.

ती आली तेव्हा सोसायटीने हार घातला. चेअरमन म्हणाले, "पुढच्या वेळी काठी नीट छापू!" ती हसली. सगळे पांगल्यावर ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तिथे मी गेलो.

"त्या दिवशी मी जे बोललो..."

"कुठल्या दिवशी?" तिने मागे न बघता विचारले. "आत्ताच्या, की खाली कंपाउंडमधल्या?"

बारा वर्षे तो प्रश्न तिच्याजवळ होता. मी म्हणालो, "दोन्ही."

ती मोज्यांना चिमटे लावत राहिली. मी क्षमा मागितली. त्यासाठी तयार केलेली वाक्ये आठवली नाहीत, म्हणून साध्या शब्दांत मागितली. तिने माफ केले असे म्हटले नाही, नाही असेही म्हटले नाही.

"रविवारी मैदानावर येशील? मला मार्कर लागेल."

मार्कर म्हणजे खेळणाऱ्याचे फटके मोजून कार्डावर लिहिणारा. शेवटी त्यावर दोघांच्याही सह्या होतात. मी म्हणालो, "मी तर आयुष्यभर तेच करत आलो."

"माहितीये," ती म्हणाली. "म्हणूनच विचारतेय."

रविवारी सकाळी तिने मला कार्ड आणि बोटाएवढी पेन्सिल दिली. दहा होल नीट गेले. अकराव्यावर दुसऱ्या फटक्याला चेंडू पाण्यात पडला, पुढच्याला उंच गवतात. ती गवतात वाकली, काठी टेकवली, थबकली, पुन्हा उभी राहिली आणि मग फटका मारला. चेंडू बाहेर आला. दोन फटक्यांत तिने होल संपवला. पाण्यातल्या चेंडूचा दंड धरून माझ्या मोजणीने सात झाले. मी सात लिहिले.

"काय लिहिलंस?"

"सात."

"गवतात चेंडू हलला होता, माझी काठी लागून. तू बघत होतास."

मी बघत होतो. केसभर हलला होता तो. तिने तो जागी ठेवला होता, तरी नियमाने त्याचा एक फटका दंड. सरावाचा खेळ, आम्ही दोघेच, आणि आधीच तिचे सात झालेले. मनात म्हणालो होतो, जाऊ दे पोरीचा. एवढी क्षमा मागून पुरते पाच दिवसही झाले नव्हते, आणि माझा हात त्याच प्रेमाने तेच करून बसला होता.

ती वाट पाहत उभी राहिली, हातमोज्याची पट्टी उघडत आणि लावत.

मी सातावर रेघ मारली, शेजारी आठ लिहिले आणि कार्ड तिच्यासमोर धरले. तिने ते नीट वाचले.

"हां," ती म्हणाली, आणि पिशवी खांद्याला लावून बाराव्या होलकडे चालू लागली.