दोन बोटं लांब पट्टी

हॅनफर्ड गावात गिअरबॉक्स बिघडला की माणसं आधी व्हर्लिन अ‍ॅशक्राफ्टकडे जात, मग देवाकडे. आपोआप गिअर बदलणाऱ्या पेट्या उघडण्यात त्याची अडतीस वर्षं गेली होती. गाडी आवारात शिरते न शिरते तोच हा कान टवकारून सांगायचा, "दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना खोकते बघ." आणि ती खोकायचीच! सत्तरी उलटल्यावर त्यानं गॅरेज बंद केलं. तोंड मात्र चालूच राहिलं.

ते चालायचं शनिवारी सकाळी, डोनटच्या दुकानासमोर. गावातले सगळे हॉट रॉडवाले तिथं जमत. आजाच्या काळातल्या गाडीचा सांगाडा, त्यात रेड्यासारखं दांडगं इंजिन आणि परवडेल तेवढं क्रोम. बॉनेट उघडं असेल तर कुणीही डोकं घालावं, काहीही बोलावं. मिटलेलं असेल तर मालकाला नुसता रामराम करून पुढं सरकावं, असा तिथला रिवाज.

डोर्लीन प्रुइटचं बॉनेट कायम उघडं. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली ही बाई, आवाज अजून बसमधल्या पोरांना दटावणारा. तिची चौतीस सालची फोर्ड पिकल्या जर्दाळूच्या रंगाची. गिअरबॉक्स नुकताच रूबेन आरेओलानं नव्यानं बांधून दिलेला. रूबेन अकरा वर्षं व्हर्लिनच्या हाताखाली शिकला होता. आता रुळांपलीकडं त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. बोलायला कंजूष, पण हात सोन्याचे.

एप्रिलमध्ये डोर्लीनच्या वाढदिवसाला व्हर्लिननं तिला गिअरबॉक्समधलं ऑइल मोजायची पट्टी भेट दिली. क्रोमची, मुठीवर तिचं नाव कोरलेलं. सगळ्यांसमोर त्यानं जुनी पट्टी काढून ती बसवली, गाडी गरम केली, इंजिन चालू ठेवून पट्टी ओढून पाहिली. ऑइल भरल्याच्या खुणेच्या दोन बोटं वर!

"रूबेननं गिअरबॉक्स भरलाय की पाण्याचं पिंप?" व्हर्लिन ओरडला. सगळे हसले. त्यानं बारीक नळी घातली आणि ऑइल बरोब्बर खुणेवर येईपर्यंत चांगले दोन डबे उपसून काढले. डोर्लीननं त्याला दोन डोनट खाऊ घातले. स्वारी खूश.

तीन आठवड्यांनी ती कपाळाला आठ्या घालून आली.

"व्हर्लिन, गाडी वळणावर हात सोडते रे. सरळ रस्त्यावर शहाण्यासारखी चालते. चौकात डावीकडं वळलं की इंजिन बोंबलतं आणि गाडी जागच्या जागी. परवा मागून टोमॅटोचा ट्रक अंगावर येत होता. सॉस व्हायचा माझा!"

व्हर्लिननं पट्टी ओढली. ऑइल खुणेवर, लालचुटुक. हुंगून पाहिलं, जळका वास नाही. मग तो मान हलवत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ऑइल ठीक आहे. म्हणजे दुखणं आत आहे. ऑइल खेचणारा पंप धड बसवलेला नाही."

रूबेन पलीकडं कॉफीचा पेला घेऊन उभा होता. "हेफे," तो म्हणाला. त्याच्या घरच्या भाषेत मालकाला हेफे म्हणतात, आणि गॅरेज सोडूनही त्यानं ती हाक सोडली नव्हती. "पंप मी दोनदा तपासला होता."

"मग तिसऱ्यांदा तपासायचा होतास, पोरा."

पुन्हा हशा. रूबेननं आपल्या गाडीचं बॉनेट मिटलं आणि तो निघून गेला. पुढचे दोन शनिवार तो आलाच नाही. त्याच्याकडं काम देणार होते त्यातल्या दोघांनी आपल्या गाड्या गुपचूप शेजारच्या फ्रेझ्नो शहरात नेल्या.

इकडं व्हर्लिननं आपल्या शेडमध्ये डोर्लीनचा गिअरबॉक्स उतरवायला घेतला. आधी खालच्या घमेल्यात ऑइल सोडलं. घमेलं जुनं, कडेला पोचा पडलेलं. या जातीच्या पेटीतलं ऑइल त्या पोच्यापर्यंत चढतं, हे त्याला झोपेतही माहीत होतं. आज ते पोच्याच्या बरंच खाली थांबलं. कुठं सांडलं म्हणून पाहिलं, तर फरशी कोरडी. तरी गडी थांबला नाही. पेटी उतरवून पंप उघडला. पंप असा बसला होता, जणू तिथंच उगवला. क्लचच्या प्लेटा जवळपास कोऱ्या. आणि आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाचा एकेक ठिपका. "ठिपका दिला की हात विसरत नाही," हे व्हर्लिननंच रूबेनला शिकवलं होतं.

मग त्यानं एप्रिलमध्ये आणून खिळ्याला टांगलेली डोर्लीनची जुनी पट्टी काढली आणि क्रोमच्या पट्टीशेजारी ठेवली.

क्रोमची पट्टी दोन बोटं लांब होती.

तळाशी जास्त खोल बुडणारी पट्टी ऑइल जास्तच दाखवणार. रूबेननं बरोबर भरलेलं ऑइल व्हर्लिननं हसत हसत उपसलं होतं. तळाला पाणी उरलेला माठ कलंडला की पेला बुडत नाही ना, तसं वळणावर ऑइल एका अंगाला जाई आणि पंप नुसता वारा ओढी. दुखणं पेटीत नव्हतंच. ते व्हर्लिननं नाव कोरून भेट दिलं होतं.

शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. तरी त्यानं उठून दार लोटून घेतलं.

पेटी परत चढवून, जुन्या पट्टीनं मोजून ऑइल भरलं. डोर्लीननं चौकाला तीन फेऱ्या मारल्या. गाडी लोण्यासारखी वळली.

"रूबेनची घाण तूच निस्तरलीस बाबा!" ती म्हणाली.

हीच वेळ होती बोलायची. व्हर्लिन म्हणाला, "झालं एकदाचं," आणि स्वच्छ असलेले हात फडक्याला पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पट्ट्या घेऊन तो रूळ ओलांडून गेला. रूबेन गाडीखाली होता. व्हर्लिननं सगळं सांगितलं, ते गाडीखालून दिसणाऱ्या त्याच्या बुटांना. चेहऱ्याला सांगणं जमलं नसतं.

रूबेन सरपटत बाहेर आला. दोन्ही पट्ट्या त्यानं हातात धरून जोडून पाहिल्या.

"हेफे, दोन आठवडे मी रोज मनातल्या मनात तो पंप बसवतोय. काय चुकलं ते सापडत नव्हतं. काल एका गिऱ्हाइकाला मीच सांगितलं, दुसरीकडं जा म्हणून."

व्हर्लिनची मान आणखी खाली गेली. "चुकलं माझं."

"ते मला कळलं. हशा पिकला होता तिकडं, डोनटच्या दुकानासमोर. इथं एकट्या मला सांगून काय उपयोग?"

शनिवारी रूबेनही आला. व्हर्लिननं आपल्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि आतल्या इंजिनावर दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी ठेवल्या. आयुष्यभर ज्या तोंडाला लगाम नव्हता, ते आज कोरडं पडलं. तरी त्यानं सांगितलं, ऑइल कुणी उपसलं इथपासून. कुणीतरी खिदळलं, "पिंप भरलंय म्हणालास की रे तू!" व्हर्लिनच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या, पण तो म्हणाला, "हो. मीच म्हणालो. रूबेनच्या कामात खोट नव्हती. खोट माझी."

फ्रेझ्नोला गाडी नेलेला एक जण बुटाचं टोक न्याहाळू लागला.

डोर्लीननं क्रोमची पट्टी उचलली. "माझं नाव आहे यावर. फेकायची नाही." तिनं ती रूबेनकडं दिली. रूबेननं खिशातून छोटी कानस काढली, जुनी पट्टी शेजारी धरली आणि पहिल्या खुणेच्या दोन बोटं वर नवी खाच पाडली.

पट्टी परत गाडीत गेली. आता दर शनिवारी गाडी गरम असतानाच डोर्लीन ती ओढते, पुसते, पुन्हा बुडवते आणि व्हर्लिनच्या नाकासमोर धरते.

"वाच."

आणि चार लोकांत, रूबेनला ऐकू जाईल असं, व्हर्लिन वाचतो, "वरची खाच. बरोब्बर भरलंय."