उजव्या कानाशी

आमचा बँड मी सुरू केला, त्यातली सगळी गाणी मी लिहिली, चाली मी बांधल्या, आणि स्टेजच्या मधोमध मात्र मी एकदाही उभा राहिलो नाही. मी दुसरा आवाज गायचो. मुख्य गायकाच्या सुराला थोडं खालून किंवा वरून धरायचं, म्हणजे गाणं भरतं. पोवाड्यात शाहिराच्या मागं झीलकरी असतात, तसलं काम. आईला रॉकबिक काही कळायचं नाही. ती सोलापुरातल्या आमच्या शुक्रवार पेठेतल्या शेजारणींना सांगायची, "आमचा हा झील ओढतो की." त्या हसायच्या आणि माझं डोकं फिरायचं. माझं डोकं लवकर फिरतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं वाटोळं त्यानंच झालं.

गायचा माझा मित्र. भवानी पेठेतल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्यातला. घरामागं बापाचा कारखाना, म्हणजे पत्र्याखाली टॉवेलचे आठ यंत्रमाग. कॉलेजच्या गॅदरिंगला मी त्याला पहिल्यांदा ऐकला आणि मला घामच फुटला. असला आवाज आपल्याच वर्गात मागच्या बाकावर बसतो आणि आपल्याला पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी त्याला गाठून म्हणालो, "माझ्याकडं गाणी हायत." तो म्हणाला, "माझ्याकडं येळ हाय." झाला बँड.

त्याचा डावा कान लहानपणी फुटला होता आणि घरगुती औषधांच्या नादात कायमचा गेला होता. उजवा ठणठणीत. ही गोष्ट बँडमध्ये फक्त मला ठाऊक होती. ड्रम, गिटार, मंडपवाल्याचे फाटके स्पीकर, एवढ्या गदारोळात त्याला स्वतःचा सूर सापडायचा नाही. म्हणून मी त्याच्या उजव्या हाताला, खांद्याला खांदा लावून उभा राहायचो आणि माझा आवाज धरून तो गायचा. लोकांना वाटायचं, मी त्याच्या मागं गातोय. खरं तर तोच माझ्या आधारानं गात होता. "उजवीकडं ये बे," एवढंच तो गाण्याआधी म्हणायचा.

तो उरलेला कान त्याला जपायचा होता. बापाचे दोन्ही कान मागांच्या खडखडाटानं गेले होते. म्हणून आईनं याला शपथ घातली होती, मागावर बसायचं नाही. तो बसलाही नाही. मोबाइलच्या दुकानात नोकरी करायचा आणि घरी शिरताना कानात कापूस घालायचा. आमचा सराव कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना, सुताच्या पोत्यांमध्ये बसून. तिथंच मी नळाच्या पाण्यावरचं गाणं केलं. "आज येईल, उद्या येईल, हंडा म्हणतो थांब." चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात ते चाललं नसतं तरच नवल. गणपतीत पोरं आमच्याआधी धृपद सुरू करायची.

आणि सगळे म्हणायचे, त्याचं गाणं.

पहिल्यांदा मी हसून सोडलं. दुसऱ्यांदाही सोडलं. मग रिक्षावाला, चहावाला, माझा सख्खा चुलतभाऊ, सगळे मलाच सांगायला लागले, तुमच्या त्या पोरानं काय गाणं लिहिलंय राव. त्यानं कधी श्रेय ढापलं नाही. उलट "लिहिणारा ह्यो हाय" म्हणून मला पुढं ढकलायचा. पण जळणाऱ्याला तेही टोचतं. चुलीपुढं आपण बसायचं आणि ढेकर दुसऱ्यानं द्यायचा, असं माझ्या मनानं घेतलं ते घेतलंच.

पुण्यात एका स्पर्धेची शेवटची फेरी होती. जिंकलो असतो तर गाणी रेकॉर्ड होणार होती. निवेदिकेनं ओळख करून दिली, "गायक, गीतकार आणि संगीतकार," आणि त्याचं नाव घेतलं. माझं नाव कुठंच नाही. तो माइककडं वाकून काहीतरी सांगायला गेला, तेवढ्यात ड्रमवाल्यानं काड्या वाजवल्या आणि गाणं सुरू झालं. मी त्याच्या उजवीकडंच होतो. धृपद आलं आणि मी आवाज दिला नाही. नुसते ओठ हलवले. मनात म्हणालो, गा आता, गीतकार आणि संगीतकार. एक ओळ, फार तर दोन, एवढाच माझा बेत होता.

पहिल्याच ओळीला त्याचा सूर सुटला. त्यानं मान वळवून माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी ओठ हलवत राहिलो. मग तो घाबरून वर चढला, तिथून आणखी भलतीकडं गेला. समोरची पोरं हसायला लागली. आता आवाज द्यावा असं वाटत होतं, पण आवाज दिला नाही. जमत नव्हतं की मला त्याची फजिती बघायची होती, हे मला आजही सांगता येत नाही. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि आठवड्याभरात सगळ्या सोलापुरानं बघितलं.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसून होता. टेंभुर्णीला गाडी थांबली तेव्हा त्यानं खाली उतरून मला चहा आणून दिला. पंधरा दिवसांनी म्हणाला, "तू दुसरा गायक बघ. माझ्यानं न्हाय व्हायचं." मी का म्हणून विचारलं नाही. लोक हसले म्हणून लाजला असेल, असं धरून चाललो. महिन्याभरात कळलं की दुकान सोडून तो बापाच्या मागावर बसलाय. तेव्हाही मी गेलो नाही. भित्रा माणूस, दुसरं काय.

पुढं अकरा वर्षं मी बँड ओढला. पाच गायक येऊन गेले. हॉटेलांत वाजवलं, लग्नांत वाजवलं, चादरीच्या दुकानांच्या जाहिरातींना चाली दिल्या. आता पोस्टरवर माझं नाव मोठ्या अक्षरांत असतं, संस्थापक, गीतकार, संगीतकार, सगळं असतं, आणि ते वाचताना मला स्वतःची किळस येते. सांगून टाकू, असं दर दिवाळीला ठरवायचो. फराळाचा डबा घेऊन भवानी पेठेच्या तोंडापर्यंत जायचो आणि डबा बहिणीच्या घरी देऊन परत यायचो. बहिणीला वाटायचं, भावाला माया फार.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका स्टुडिओवाल्यांनी विचारलं, ते पाण्याचं गाणं मूळ आवाजात मिळेल का. मला निमित्त मिळालं. आधी चूक कबूल करायची, मग गायला बोलवायचं, असं ठरवून गेलो. दार त्याच्या बायकोनं उघडलं.

"कारखान्यात हायत," ती म्हणाली. "हाका मारू नका भावजी, उपयोग न्हाय. समोर जाऊन उभं राहा. तोंड बघून कळतंय त्यास्नी."

"कधीपासून?"

"तीन वर्सं झाली. सारखं मागावरच की."

मी जोत्यावरच बसलो. गाणं मागायचं आता काही उरलंच नव्हतं. परत फिरलो असतो तर कुणी विचारणार नव्हतं. पण पाय उचलले आणि आत गेलो. आठही माग चालू होते. मला पाहून तो हसला, केस पिकले होते. मागांच्या आवाजात कुणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून ही माणसं लहानपणापासून ओठांवरून बोलणं वाचतात. मी त्याच्या समोर उभा राहून सांगून टाकलं. पुण्यात मी गायलोच नव्हतो. नुसते ओठ हलवले होते. मुद्दाम.

"परत सांग," तो म्हणाला.

मी परत सांगितलं. त्यानं एक माग बंद केला, मग दुसरा, असे आठही बंद केले. मला वाटलं, आता हाणतोय. हाणलं असतं तर बरं झालं असतं.

"ओठ हलत होते की तुझे," तो म्हणाला. त्याचा आवाज सपाट आणि उगाच मोठा झाला होता. "मी बगितलं ना. ओठ हलतेत आन् मला काय ऐकू येईना. म्हटलं, गेला आपला कान. आमच्या बापाचाबी असाच गेलता. बोलणं कळायचं, गर्दीतलं काय कळायचं न्हाय."

त्यानं उजव्या कानावर तळवा ठेवला.

"मग म्हटलं, जाणारच हाय तर जपायचा कशाला? आईची शपथ मोडली आन् मागावर बसलो." तो माझ्या तोंडासमोर येऊन उभा राहिला. "म्हंजे तवा कान चांगला होता?"

मी मान हलवली.

"मान नगं हलवू. तोंडानं सांग."

"चांगला होता," मी म्हणालो.

त्यानं ते माझ्या ओठांवरून वाचलं आणि पहिला माग सुरू केला.